डर्बीहून पत्र

डर्बी (इंग्लंड), 7 डिसेंबर 2025

ती. अप्पा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी अगदी बरी आहे. मागच्या फोनला आवाज बसला होता तो थंडीने, रडून नाही. इथल्या वृद्धाश्रमातलं रोजचं काम तुम्हाला ठाऊकच आहे, ते लिहीत बसत नाही.

अप्पा, दादाने पाठवलेला दंगलीचा व्हिडिओ ऑगस्ट 2024 चा आहे. साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, मारेकरी परदेशातून आश्रयाला आलेला आहे अशी खोटी बातमी पसरली आणि रॉदरहॅमला जमावाने अशा आश्रितांना ठेवलेलं हॉटेल पेटवायला बघितलं. तेव्हा मी नवीन होते, म्हणून बोलले नाही. आता तसं काही नाही. रात्रपाळी असली की आम्ही दोघी मिळूनच येतो-जातो.

आई, तू विचारलंस, पोरं असून या म्हाताऱ्या आमच्याकडे का? पोरं रविवारी येतात गं. नवल वेगळंच आहे. इथे सरकारी दवाखाना फुकट. कॅन्सर झाला तर ऑपरेशन, केमो, पौंडसुद्धा घेत नाहीत. पण स्मृतिभ्रंश झाला आणि न्हाऊ घालायला, भरवायला माणूस लागलं, की बहुतेक वेळा तो आजार धरत नाहीत, ती ‘केअर’. ती कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खात्यात. कौन्सिल आधी तुमचं पासबुक बघते. 23,250 पौंडांच्या वर असलं की सगळा खर्च तुमचा. हा आकडा 2010 पासून हललेला नाही. त्यात राहतं घरही धरतात, मागे नवरा किंवा बायको राहत असेल तर सोडतात. आमच्या एक आजी रोज विचारतात, दारातल्या गुलाबांना पाणी घातलंस का? ते घर विकूनच त्यांची इथली खोली चालू आहे. मी म्हणते, घातलं.

केअरच्या खर्चाला माणशी आयुष्यभरात 86,000 पौंडांची मर्यादा घालणार होते, नव्या सरकारने पैसे नाहीत म्हणून ते मागच्या वर्षी रद्द केलं. आता या केअरवर लुईस केसीबाईंचा सरकारी आयोग बसलाय, शेवटचा अहवाल 2028 ला. आजींना तोवर थांबा म्हणून कोण सांगणार? माणसं मिळत नाहीत म्हणून आम्हाला आणलं, आणि या जुलैपासून केअरला बाहेरून नवी माणसं आणणंच बंद.

पलूसच्या स्थळाला स्वच्छ सांगा. 11 मार्च 2024 पासून केअरच्या व्हिसावर येणाऱ्याला नवरा आणता येत नाही. मी आले त्याच वर्षी जुलैत. चार महिने आधी निघाले असते तर... पण तेव्हा एजंटचे पैसे जमले नव्हते, त्यात तुमची काही चूक नाही, अप्पा. कायमचं राहायला पाच वर्षं लागतात असं मी म्हटलं होतं; सरकार आता आमच्यासारख्यांना पंधरा करायचं म्हणतंय. अजून ठरलेलं नाही. मुलाला ताटकळत ठेवू नका.

पतसंस्थेचा हप्ता सोमवारी टाकते. दिवाळीला कमी पाठवले. इथे विजेच्या मीटरमध्ये मोबाइलसारखं आधी रिचार्ज करावं लागतं, हिवाळ्यात भराभर संपतं. पुढच्या महिन्यात भरून काढीन.

आई, आजीला तू अजून एकटीच न्हाऊ घालतेस ना? पैसे वाढवून पाठवते, एखादी बाई लाव. आणि इथल्या घर विकण्याचं तिच्या कानावर घालू नका, सातबारा उशाखाली घेऊन झोपायची.

तुमची,
सुमी