विषय: तिरक्या फ्लँजचा बेंड पाइप, त्यापायी हेडमध्ये तुटलेला स्टड आणि "अजून थोडं आवळा" हा आपला सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

"तुमची तक्रार बंद करतोय, सर," असं म्हणून आपल्या ग्राहक सेवेने आत्ताच फोन ठेवला. तक्रार बंद झालेली नाही.

माल तुमचाच आहे, त्याची ओळख करून देत बसत नाही. १९९८ च्या हिरो होंडा स्प्लेंडरसाठी घेतलेला स्टेनलेस बेंड पाइपचा (इंजिनच्या हेडमधून धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या वाकड्या नळीचा) संच: पाइप, दोन एम-६ स्टड (हेडमध्ये रुतणारे ६ मिमीचे आट्यांचे दांडे), नट, पॅकिंग, मागचा क्लॅम्प. या गाडीचा बेंड पाइप सायलेन्सरला वेल्ड केलेलाच असतो. तो सडला की अख्खा सायलेन्सर बदला, नाहीतर पाइप कापून नवा जोडा. संच तुम्ही या दुसऱ्या, कापून जोडायच्या कामासाठीच विकता, म्हणजे पाइप कापल्यावर परतीचा रस्ता नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

दोष फ्लँजमध्ये, म्हणजे पाइप हेडला धरून ठेवणाऱ्या पट्टीत आहे. तो पाइपवर मोकळा फिरत असता तर थोडाफार तिरकेपणा खपून गेला असता. तुम्ही तो पाइपला पक्का वेल्ड केलाय, तोही तिरका. पाइपच्या तोंडाला गुण्या लावा: एका बाजूला फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) ०.८ मिमीची पाती सहज आत जाते. वेल्डिंग करताना फ्लँज जिगमध्ये (पक्क्या साच्यात) धरला नाही की तापून ओढला जातो, हे कोणताही वेल्डर सांगेल. असा पाइप हेडला लावला की पॅकिंग वरच्या बाजूला चेपतं आणि खाली मोकळं राहतं. मग पोर्टच्या (हेडमधल्या धुराच्या भोकाच्या) खाली काजळीचा ओघळ, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट, कारण फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेट घेतं. गार गाडी सुरू करून सायलेन्सरच्या टोकावर ओलं फडकं दाबून धरलं आणि सांध्यावर साबणाचं पाणी टाकलं, तर बुडबुडे खालच्याच बाजूला येतात.

हे सगळं फोटोंसह कळवलं होतं. त्यावरचं संभाषण आता शब्दशः वाचा, कारण तुमच्याकडे ते "प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड" होतं म्हणे.

"सर, नट अजून थोडा आवळा."

एम-६ आहे, साधारण १० न्यूटन-मीटरला बसलाय, याहून आवळला तर तुटेल, असं सांगितलं.

"सर, मीटर नाही, पान्याने आवळा."

न्यूटन-मीटर म्हणजे लांबी नव्हे, आवळण्याच्या जोराचं माप, हे समजावलं. पलीकडे शांतता. मग, "सर, पॅकिंग दोन टाका." पॅकिंग पोर्टच्या खाचेत बसतं. दोन टाकली की पाइपचं तोंड खाचेबाहेर येतं, केंद्र सुटतं आणि चार दिवसांत पॅकिंग फुंकून बाहेर पडतं. हेही सांगितलं. त्यावर, "सर, आवाज थोडा वाढतो, ते आमच्या प्रॉडक्टचं फीचर आहे." वरिष्ठांना द्या म्हटलं तर वरिष्ठ आले आणि म्हणाले, "गाडी पंचवीस वर्षं जुनी आहे ना, सर? मग अपेक्षा किती ठेवायच्या?" जुन्या गाडीसाठीच माल विकणाऱ्या कंपनीने हे विचारावं! नव्या गाडीच्या मालकाला तुमचा बेंड पाइप लागतो कशाला?

पुढे व्हायचं तेच झालं. न आवळताच, गरम-गार होता होता खालचा स्टड हेडच्या तोंडाशी तुटला. तिरक्या फ्लँजमुळे स्टडवर नुसता ताण नसतो, तो वाकवलाही जातो, आणि वाकवलेला स्टड पहिल्या आट्याच्या मुळाशी तुटतो. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये तुकड्यावर नट वेल्ड करून काढायचा प्रयत्न झाला, निघाला नाही. मग ५ मिमीचं ड्रिल, आटे पाडायला एम-६ चा टॅप, आणि ॲल्युमिनियमचे आटे गेल्यामुळे शेवटी ६.३ मिमीचं ड्रिल मारून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी. बिल सोबत जोडलंय. तुमच्या संचापेक्षा ते जास्त आहे.

तुमच्या सूचनापत्रकातही आधी मागचा क्लॅम्प आणि सायलेन्सरचा बोल्ट घट्ट करायला सांगितलंय, मग फ्लँज. क्रम उलटा आहे. सगळे नट-बोल्ट आधी हाताने लावायचे, मग फ्लँजचे दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, मागचं सगळ्यात शेवटी. नाहीतर पाइप ओढून बसवण्याचा सगळा ताण त्या दोन स्टडवर येतो. पत्रक लिहिणाऱ्याने पाइप कधी बसवला नसावा.

जाता जाता: पाइपवर "३०४" या स्टेनलेसच्या प्रकाराचा स्टिकर आहे. ३०४ ला चुंबक वळणावर थोडाफार ओढला जातो, ते समजतं. तुमच्या पाइपला तो सरळ भागातही चपखल चिकटतो, म्हणजे हे बहुधा ४०९, चुंबकाला चिकटणारं स्टेनलेस आहे. कंपन्या सायलेन्सरला ४०९ वापरतात, त्यात गैर काही नाही. पण मग तसं छापा आणि पैसे ४०९ चे घ्या. फ्लँजच्या वेल्डवर गंज धरलाय तो वेगळाच. आणि फ्लँज तिरका आहे, हे पुन्हा सांगतो, कारण फोनवर प्रत्येक वेळी पुन्हाच सांगावं लागलं.

मागणी अशी: संचाची पूर्ण रक्कम, हेडच्या कामाचं बिल, आणि याच खेपेतले बाकीचे पाइप गुण्या लावून तपासल्याचं लेखी उत्तर. तुमचं नाव पाहून घेतलेला माल होता. स्वस्तातला बाजारू पाइप घेतला असता तर निदान कुणाकडून अपेक्षा तरी नसती.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. ग्राहक राहतो तिथे ती करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद आजच करतोय.

पाइप "तपासणीसाठी कुरिअरने परत पाठवा" असं सुचवलं गेलं. पाठवणार नाही. तुटलेला स्टड, चेपलेलं पॅकिंग आणि पाइप इथेच ठेवलाय. तपासायचा असेल तर माणूस पाठवा, आणि त्याच्याबरोबर फीलर गेज द्या.

एक ग्राहक, कोल्हापूर

सोबत: खरेदीचं बिल, हेड दुरुस्तीचं बिल, फ्लँजचे फोटो