तांदळाच्या डब्यातल्या नोटा

पुणे,
रविवार दुपार

ती. आई व ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

काल तांदूळ संपत आले म्हणून डबा उपडा केला, तर तळातून पाचशेच्या चार नोटा निघाल्या. चौघडी घातलेल्या, वर रबर, आणि सगळं हळदीच्या रिकाम्या पिशवीत. त्या वासामुळे कुणी ठेवल्या हे विचारायची वेळच आली नाही. आई, दिवाळीनंतर तुम्ही दोघं चार दिवस राहिलात. दोन हजार म्हणजे माणशी रोजचे अडीचशे. हिशेब चोख आहे तुझा.

आधी हसू आलं, मग घास उतरेना.

तुला आठवतं का, आजी आपल्याकडे आली की निघताना देवापुढे दहाची नोट ठेवायची. लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये म्हणून. तू ती नोट घेऊन तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावायचीस. "मी काय खानावळ घातलीय?" असं भर गल्लीत म्हणाली होतीस एकदा, आणि मग पायरीवर बसून डोळे पुसले होतेस. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आता तूच ठेवतेस, तेही लपवून, म्हणजे मला मागे धावता येऊ नये!

आणि दादाकडे मेलबर्नला सहा महिने राहून आलात, तिथल्या डब्यात किती डॉलर ठेवले होते? हे भांडायला विचारत नाही. बरं, थोडं भांडायलाच विचारतेय.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. न्हाणीत घसरून मनगट मोडलं, ते मला अकरा दिवसांनी कळलं. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "आता कसा आहे गं हात?" त्यांना वाटलं, लेकीला माहीत असणारच. मी "बरा आहे" म्हणाले आणि फोन ठेवून नुसती उभी राहिले. त्या अकराही दिवशी तुम्ही मला फोनवर "एकदम ठणठणीत" असं सांगत होतात. व्हिडिओ लावा म्हटलं की नेट नसायचं. प्लास्टर दिसू नये म्हणून नेट नव्हतं, हे आता कळतंय. गल्लीतल्या पोरांनी रिक्षात घालून मिरजेला नेलं, त्यांचे उपकार आहेत. पण ती पोरं परकी नाहीत आणि मी परकी?

तसं मीही फार बोलू नये. माझी नोकरी गेली तेव्हा तीन महिने तुम्हाला पत्ता लागू दिला नव्हता. रोज साडेनऊला "निघाले हं ऑफिसला" असा फोन करायचे आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर बसून राहायचे. लपवालपवी मी बाहेर कुठे शिकले नाही, घरचंच वळण आहे.

ऑगस्ट 2019 आठवतो ना? आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाची धोका पातळी 45 फूट, आणि कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. 8 तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी टीव्हीवर सुरू झाली, आणि तुमचे दोघांचेही फोन बंद. तुम्ही कुठल्या बोटीत आहात का, एवढंच रात्रभर डोक्यात. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून बाबा म्हणाले, "पाणी अंगणापर्यंतच आलंय." मी पुढच्या आठवड्यात गावभागात आले, तर माजघराच्या भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. अंगणापर्यंतच! त्यानंतर महिनाभर मिरजेला चुलतकाकांकडे राहिलात, पण पुण्याला आला नाहीत. जावयाच्या दारी पूरग्रस्त म्हणून कसं जायचं, असं आई काकूला म्हणाली होती. तेही मला काकूकडूनच कळलं.

बाबा, तुमचा जन्म कोर्टाच्या नोकरीत गेला. भावनेच्या अर्जावर तुम्ही शेराच मारत नाही, म्हणून कायद्याचंच काढते. आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच सांगितलंय, आणि तेही महाराष्ट्रातल्याच खटल्यात. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात 'मुले' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात सगळे येतात. जावई मध्ये येत नाही. शिवाय शेतीची वाटणी झाली तेव्हा भावकीतले सगळे म्हणत होते की बेबीचं हक्कसोडपत्र करून घ्या. तुम्ही एकटे नाही म्हणालात, आणि सातबाऱ्यावर माझं नाव लागेपर्यंत तलाठ्याकडे खेटे घातलेत. सातबाऱ्यावर चालते, आणि माझ्या ताटातलं दोन घास खायचं म्हटलं की मी परक्या घरची?

पुण्याला कायमचे या असं मी म्हणत नाही. बाबांची सकाळची आमराईतली फेरी, आईचा मंगळवारचा गणपती, पायरीवरच्या गप्पा, हे सोडून इथे लिफ्टने खाली उतरून काय बघणार, तर पार्किंग. मला तेवढं कळतं. पण पावसाळ्यात मी रोज फोनवर कोयनेतून किती पाणी सोडलं ते बघत बसते, त्याला तरी मान द्या. आयर्विनला पाणी 40 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आलं, की पिशवी भरायची आणि गाडीत बसायचं. मिरजेला नाही, माझ्याकडे.

ते दोन हजार परत पाठवणार नाही. त्यातून न्हाणीत धरायला स्टीलचा दांडा आणि घसरू नये म्हणून रबरी जाळी आणलीय. येत्या शनिवारी घेऊन येते. भिंतीला भोकं पाडायचं मशीन कुणाकडे आहे ते बघून ठेवा. आई, कृष्णाकाठची वांगी मिळाली तर भरून कर, भाकरी मी थापते. जेवल्यावर तुझ्या डब्यात पैसे ठेवणार नाहीये.

बाबा, प्लास्टर कधी काढायचं सांगितलंय ती तारीख कळवा. खरी तारीख.

तुमची,
बेबी