आई-अण्णा, नोकरी सोडली आहे, पण आधी सगळं वाचा

तीर्थरूप आई व अण्णांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की अण्णा फोन आईच्या हातात देतात, आई रडते आणि मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. दादा वाचून दाखवील, पण अण्णा, नंतर चष्मा लावून तुम्ही स्वतः एकदा वाचा. दादा मधलं मधलं गाळतो.

सरळ सांगते. मी कंपनीत राजीनामा दिला आहे आणि तो मंजूरही झाला आहे. पुढच्या महिन्यापासून पर्सनल ट्रेनरचं काम पूर्णवेळ करणार. सकाळी जिममध्ये बायकांची बॅच, आणि दुपारनंतर ज्यांना जिमला येणं जमत नाही त्यांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवायचा. वर्षभर नोकरी सांभाळून हे करतच होते, तुम्हाला माहीत आहे. आता तेच माझं काम.

आई, तू आता कपाळाला हात लावला असशील. कॅन्सरसारख्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्या लेकराला लोखंड उचलायला कुणी सांगितलं, असं म्हणशील. तर आधी तेच ऐक. मनाने काहीही केलेलं नाही. ती लाल सलाईन आठवते? जिच्यानंतर लघवी लाल झाली म्हणून तू घाबरून नर्सला बोलावून आणलं होतंस? तिचं नाव डॉक्सोरुबिसिन. ती गाठ विरघळवते, पण तिचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. सोबतच्या ब्लिओमायसिनचा फुफ्फुसावर होऊ शकतो. म्हणून वजनाला हात लावायच्या आधी हृदयाचा टू डी इको झाला, फुफ्फुसाची फुंकायची तपासणी झाली, आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच व्यायाम वाढवायला सांगितलं. तपासण्या अजूनही वेळेवर करते. धाप जास्त लागली किंवा छातीत धडधडलं तर त्या दिवशी तिथंच थांबते. अंगाशी येईल असं काही मी करत नाही, हे तू माझ्या तोंडून ऐक, शेजारच्या काकूंच्या नको.

आणि ‘आराम कर, आराम कर’ हे आपण सगळेच म्हणत होतो. त्या वेळी ते बरोबरच होतं, अंगात काही उरलंच नव्हतं. पण सलाईन संपल्यावरही मी पडूनच राहिले असते तर पाय आणखी बारीक झाले असते. अण्णा, रान पडीक ठेवलं की त्यात काय माजतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ एकत्र बसवले आणि 2019 साली कॅन्सरमधून उठलेल्यांसाठी सल्ला दिला: आठवड्यात तीन दिवस अर्धा अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा. थकवा त्याने वाढत नाही, कमी होतो. हॉजकिन्स, म्हणजे मला झालेला कॅन्सर, बहुतेकांचा बरा होतो हे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. पण बरं झाल्यावर अंगात जीव कसा आणायचा, हे सांगायला मला कुणी भेटलं नव्हतं. तुम्ही दोघं होतात म्हणून निभावलं.

आई, माझी पहिली ट्रेनर तूच. बाजेवरून हात न टेकता उठायचं आणि परत बसायचं, एवढाच व्यायाम फिजिओथेरपिस्टबाईंनी दिला होता. तू समोर उभी राहून मोजायचीस. पाचव्यांदा माझे गुडघे लटपटले की तू दोन्ही हात पुढं करायचीस, पण धरायची नाहीस, कारण बाईंनी धरू नका म्हणून बजावलं होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली मी, आणि तोंडाने आकडे म्हणत डोळे पुसणारी तू. आज समोरची बाई खुर्चीतून उठताना अडखळली की माझेही हात तसेच पुढं जातात आणि तसेच थांबतात. हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

कोर्सही नीट केलाय बरं का. एसीई म्हणून संस्था आहे, तिची परीक्षा दिली. 150 प्रश्न, तीन तास, सगळं इंग्रजीत. स्नायू, सांधे, हृदय, कुणाला काय द्यायचं, काय द्यायचं नाही. आधी सीपीआर शिकावं लागतं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची. जमिनीवर पुतळा ठेवतात आणि त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने पाच सेंटिमीटर खोल दाबायचं. दोन मिनिटांत घाम फुटतो. दादाला आणि वहिनीला मी हे शिकवणार आहे. गावातून लातूरला पोचायला किती वेळ लागतो ते आपण बघितलंय.

अण्णा, आता तुमच्याशी. तुम्ही बोलणार नाही, पण मनात म्हणणार, अकाउंट्सची खुर्चीतली नोकरी सोडून पोरगी जिममध्ये. तुम्हीच मला मांडीवर घेऊन रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांची आणि सतपालची कुस्ती सांगायचात. कुस्ती थांबल्यावर बिराजदारांनी पुण्यात तालमीत पोरं घडवली, हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. वस्तादाच्या पाया पडल्याशिवाय तुम्ही कधी आखाड्यात उतरला नाहीत. मी करते ते काम त्याच जातीचं आहे. फक्त माझ्यासमोर पैलवान नाहीत, गुडघे धरलेल्या, साखर वाढलेल्या, बाळंतपणानंतर स्वतःकडं कधी न बघितलेल्या बायका आहेत.

त्यातल्या एक शिक्षिका आहेत. स्तनाचं ऑपरेशन झालेलं. त्या हाताने काही उचलायचं नाही म्हणून त्या पिशवीसुद्धा दुसऱ्याच्या हातात द्यायच्या. पूर्वी सगळ्यांना तसंच सांगायचे. पण हळूहळू, बेताने वजन वाढवत नेलं तर हाताची सूज वाढत नाही, हे 2009 साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय. त्यांच्या डॉक्टरांना विचारून आम्ही अर्ध्या किलोपासून सुरुवात केली. परवा त्यांनी स्वतःच्या हाताने वरच्या फळीवरचा डबा काढला आणि मला फोन करून सांगितलं. कंपनीत इतकी वर्षं मी पगारपत्रकं केली, असा फोन मला कधी आला नाही. अण्णा, दुखण्यात माझ्यावर जे ओतलंत ते असंच दुसऱ्याच्या अंगी लागतंय, एवढं मला तुम्हाला पटवून द्यायचंय.

खालच्या रानाचं मी विसरलेले नाही. विसरणारही नाही. त्याच्याबद्दल तुम्ही माझ्याजवळ एक अक्षर काढलं नाहीत, म्हणून मीही काढत नाही. पण हा निर्णय घेताना ते रान माझ्या डोळ्यांसमोर होतं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच राजीनामा दिला. सुरुवातीला पैसे पगारापेक्षा कमी येतील, पण दादाकडं दर महिन्याला पाठवते ते बंद होणार नाही. आणि दवाखान्याचं म्हणाल, तर कंपनीचा गट विमा सुटतोय, त्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज मी मुदतीत दिलाय. शिवाय महात्मा फुले योजना आहेच. माझ्या वेळी दीड लाखाची मर्यादा होती, आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठं ठेवली ते वहिनीला सांगून ठेवा.

माझ्या राहण्याची काळजी करू नका. खोली तीच आहे, सिडकोतली. मालकीणबाई रात्री मी येईपर्यंत जिन्यातला दिवा चालू ठेवतात. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसला तरी त्यांची टाकी मोठी आहे, कमी पडत नाही. पहाटे स्कूटीवर जाते, रस्त्यावर फिरायला निघालेली माणसं असतात, अंधाराचं भय नाही. कपडे ढगळ टी-शर्ट आणि ट्रॅक पँट, आई, अगदी अंगभर. जेवायला ज्वारीची भाकरी मी स्वतः थापते, तुझ्यासारखी पातळ अजून होत नाही. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी सकाळच्या अंड्यांबरोबर खाते. हो, अंडी. गुरुवारी नाही खात.

लग्नाचं मी टाळत नाही. स्थळ येईल त्याला दुखण्याचंही सांगायचं आणि या कामाचंही. ऐकून जे थांबतील त्यांच्याशी बोलू.

आई, मागच्या येळवसाला, वेळ अमावस्येला, आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन मी घरापासून रानापर्यंत गेले. तू मागून ‘दे गं, दे इकडं’ म्हणत आलीस आणि कोपीजवळ पोचल्यावर माझ्या मानेवरून हात फिरवलास, जिथं गाठ होती तिथंच. काही बोलली नाहीस. मला तेव्हाच सांगायचं होतं की मी हे काम करणार. भज्जी वाढता वाढता राहून गेलं.

आता माझं ऐका. दोघांनीही.

आई, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बस, हात छातीवर घडी, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभी राहतेस ते वहिनीला मोजायला सांग. तुझ्या वयाच्या, म्हणजे 60 ते 64 च्या बाईला 12 वेळा जमायला हवं. कमी झाले तर घाबरू नकोस, रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं कर. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेव म्हणजे ती उंच होईल. जेवण झालं की लगेच आडवी होऊ नकोस, अंगणात दहा-पंधरा मिनिटं चाल, साखरेला त्याचा चांगला उपयोग होतो. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं वरण खायची सवय सोड. तुझ्या वयाला वजनाच्या किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिनं लागतात आणि तू भाकरी-ठेच्यावर दिवस काढतेस. दूध, दही, घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे. तुझ्या ताटात आधी वाढून घे.

अण्णा, सोयाबीनचं पोतं कंबरेत वाकून उचलू नका. पोत्याला चिकटून उभं राहा, गुडघे वाकवा, बूड मागं न्या, पाठ सरळ, आणि श्वास रोखून धरू नका, तुमचं बीपी आहे. खरं तर दादा असताना तुम्ही उचलूच नका. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून बंद करायची नाही. तंबाखूचं मी काय बोलू. माझ्या सलाईन चालू होत्या तेव्हा तुम्ही सोडली होती, सगळं माहीत आहे मला. परत सोडा. रागावून नाही म्हणत, मला तुम्ही हवे आहात.

माझ्यावर रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा. आईला एसटीत अर्धं तिकीट आहे आणि अण्णा, तुम्हालाही 65 झाल्यामुळं अर्धंच आहे. आधार कार्ड जवळ असू द्या. चार दिवस राहायच्या बोलीने या, सकाळची बॅच बघा, आवडली नाही तर तोंडावर सांगा. येताना दोघांच्या गोळ्यांची पाकिटं आणि मागचे रिपोर्ट आणा, इथल्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवते. अण्णा, खिडकीची जागा आईला द्या, तिला गाडी लागते.

तुमची लेक