रविवारी दुपारी कणकुंबीला

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेले असते तर आई "कशाला उगीच खर्च" म्हणाली असती, बाबा "बघू" म्हणाले असते, आणि दिवाळीनंतरचं जाणं संक्रांतीवर ढकललं गेलं असतं. म्हणून लिहूनच कळवते. येत्या रविवारी दुपारी तुम्ही दोघं बेळगावहून जांबोटी-कणकुंबीकडं जाताय. गाइड ठरलाय, गाडी ठरलीय, पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत. किती भरले ते विचारू नका.

मी येत नाहीये. चिन्मयची परीक्षा सोमवारी सुरू होतेय आणि त्याला एकट्याला टाकून यायला मन घेत नाही. आई म्हणेल, मग तू आल्यावरच जाऊ. पण मी येणार मे महिन्यात. मेमध्ये तिकडं करवंदं आणि फणस सोडले तर सगळं करपलेलं असतं, विहिरी तळाला गेलेल्या असतात. पावसाळ्यात डोंगर हिरवागार, अळंबी मिळते, बांबूचे कोंब मिळतात, पण वाटा शेवाळलेल्या, पायाला जळवा आणि वळणावर धुकं. तुळशीचं लग्न झाल्यावरचे हे पंधरा-वीस दिवस तुमच्यासाठी सगळ्यात बरे. भाताची सुगी चाललेली असते, नवा तांदूळ घरात आलेला असतो, रताळी निघालेली असतात, पायाखालची माती कोरडी असते. हे दिवस माझ्यासाठी घालवू नका.

प्रवास फार मोठा नाही. साडेबाराला वडगावातून निघायचं. पिरनवाडी, किणये, कुसमळी करत तासाभरात जांबोटी. तिथं दहा मिनिटं थांबायचं, कारण पुढं संडासची सोय गावातल्या घरांचीच, आणि बाबांच्या गुडघ्याला ती चालणार नाही. जांबोटीच्या थांब्यावर कमोड आहे, मी गाइडला दोनदा विचारून घेतलंय. दोनच्या सुमारास कणकुंबीच्या अलीकडच्या एका वाडीत जेवण. मग खळ्यावर थोडा वेळ, गवळ्याच्या घरी थोडा वेळ, चारनंतर कणकुंबीचं देऊळ, आणि पाचला काही झालं तरी माघारी. या दिवसांत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि अंधार पडला की त्या रस्त्यावर गवे येतात. जांबोटी उजेडातच मागं पडली पाहिजे. सातपर्यंत तुम्ही घरात. रात्री नेहमीचा वरणभात, नेहमीचं अंथरूण, बाबांची उशीसुद्धा बदलायला नको.

बाबा, आता गाडीचं. तुम्हाला चालवता येत नाही असं मी म्हणत नाही. हाच चोर्ला घाटाचा रस्ता तुम्ही ज्या काळात चालवलात त्या काळात आम्ही मागच्या सीटवर बिनघोर झोपत होतो. पण आता तिथं वाळूचे आणि मालाचे ट्रक येतात, कडेची साइडपट्टी जागोजागी तुटलेली आहे, आणि ट्रकला वाट द्यायला चाक खाली उतरलं की परत वर घेताना स्टेअरिंगला हिसका बसतो. अँजिओप्लास्टी झाल्यावर डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. शिवाय चालवणाऱ्याला रस्त्याशिवाय काही दिसत नाही. एकदा खिडकीशी बसून जाऊन बघा.

गाइड कशाला, हा प्रश्न येणारच. जेवण हॉटेलात नाही, घरात आहे, म्हणून. सुगीच्या दिवसांत त्या घरातल्या बायका सकाळपासून शेतात असतात. किती माणसं येणार, कोण तिखट खात नाही, कोण जमिनीवर बसू शकत नाही, हे आदल्या संध्याकाळी कळलं तरच त्या कडधान्य भिजत घालतात आणि एकीला घरी ठेवतात. आपले आपण गेलो तर त्या लाजेखातर जेवू घालतील, पण स्वतःच्या वाटणीचं. गाइड आठाच्या वर माणसं घेत नाही. त्याचं कारण चूल. एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी होते, आणि तांदळाची भाकरी गार झाली की वातड होते. बारा माणसं बसवली तर शेवटच्याची गरम आणि पहिल्याची चामडं. म्हणून बोलावलं की लगेच ताटावर या. बाबा, खळ्यावरच्या माणसाशी गप्पा रंगल्या तरी.

आई, भाकरीचं तुला मी काय सांगणार. तरी त्या बाईचा हात नीट बघ. पिठात चिकटपणा नाही, म्हणून ती पीठ उकळत्या पाण्यात घालून झाकून ठेवते आणि हाताला सोसेल इतकं कोमट झालं की मळते. गार पाण्यात मळलेलं थापताना कडेनं चिरतं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. तेवढाही उशीर झाला की पापुद्रा तडकतो, मग निखाऱ्यापुढं कितीही धरा, फुगत नाही. नाचणीचंही तसंच, फक्त तिला आच मंद लागते. फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून, त्यावर तूप-मीठ लावून तू पहिल्यांदा माझ्या हातात द्यायचीस, दादा रुसायचा तरी. तिथं कुणी तुझ्या हातात तो पापुद्रा दिला तर नको म्हणू नकोस. तूप मात्र बोटभरच.

ताटात काय असेल तेही विचारून ठेवलंय. नाचणीची आणि तांदळाची भाकरी, आमसूल आणि लसूण घातलेलं कुळथाचं पिठलं, पावट्याची उसळ, कारळ्याची चटणी, उकडलेली रताळी, गवळ्याकडचं दही, आणि शेवटी नव्या तांदळाची गुळातली खीर. सगळं खा. पण आई, क्रमानं खा. आधी उसळ आणि पिठलं, मग नाचणीची एक भाकरी, तांदळाची फक्त चवीला चतकोर. नवा तांदूळ चिकट आणि जड असतो, त्याचा मऊ भात पुढं आला तर दोन घास. रताळं उकडलेलंच घे. चुलीत भाजलेलं जास्त गोड लागतं आणि साखरही लवकर चढवतं. आंबील देतील, ती पातळ असल्यामुळं भाकरीपेक्षा भरभर रक्तात उतरते, म्हणून अर्धी वाटी. त्यात ताक असेल तर विचार की पाणी उकळलेलं होतं का. खीर दोन चमचे, आणि त्यावर "एवढ्यानं काय होतंय" नाही.

आता हे नीट वाच. जेवणाआधीची गोळी घरून निघताना घ्यायची नाही. ताट समोर आल्यावर घ्यायची. गोळी पोटात आणि भाकरी अजून तव्यावर, असं झालं की साखर खाली येते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, यातलं काहीही वाटलं तर कुणाची भीड न धरता तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर परत तेवढीच. मी तुझ्या डॉक्टरांशी बोललेय, ते हेच म्हणाले. साखरेची पुडी तुझ्या पर्समध्ये, आणि दुसरी बाबांच्या खिशात. रविवारी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही आणि अकराला अर्धी भाकरी-भाजी खाऊनच निघायचं. "तिकडं जेवायचंच आहे" म्हणून उपाशी राहशील, मला माहीत आहे.

बाबा, तुमची पाण्याची (लघवीची) गोळी सकाळी सातलाच घ्या, म्हणजे निघेपर्यंत तिचा जोर ओसरेल. जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात ठेवा. पिशवीत नको, कारण पिशवी गाडीत राहते आणि तुम्ही वाडीत असता. लोणचं आणि पापड नको. कारळ्याच्या चटणीतही मीठ बरंच असतं, ती बोटावर घ्या.

गाडी वाडीपर्यंत जात नाही. डांबरी सोडली की थोडा चढ आहे, सात-आठ मिनिटांचा, आणि वाटेवर जांभ्याची सुटी खडी. चढताना दम लागतो, पण घसरायला होतं ते उतरताना, आणि गुडघ्यावर भारही तेव्हाच जास्त येतो. बाबा काठी घेतील, यावर चर्चा नाही. उतरताना लहान पावलं, पाय किंचित आडवा टाकून. आई चप्पल नाही, मागं पट्टा असलेली सँडल. दार ठेंगणं आहे, बाबांनी वाकून आत जायचं. खळ्यावर मात्र पायताण काढून, ते तुम्हाला सांगायला नको.

आत खुर्च्या मांडायला सांगितल्यात. आई, "यजमानीण खाली आणि आपण वर" असं तुला वाटेल. वाटू दे. खाली बसलीस तर उठताना दोघी-तिघींना हात द्यावा लागेल आणि त्यांची चूल थांबेल.

पाण्याच्या दोन बाटल्या उकळून गार करून न्या. विहिरीचं पाणी वाईट नसतं, पण ते त्यांच्या पोटाच्या सवयीचं आहे, आपल्या नाही. दूध धारोष्ण देतील, ते तापवून मागा. वळणावर आईला मळमळतं, तर तिला ड्रायव्हरशेजारी बसवा, काच थोडी खाली, तोंडात आलेपाक. उलटीची गोळी नको. या वयात तिनं गुंगी येते आणि नेमका त्या गुंगीत उतार उतरायचा असतो.

भीमगडच्या जंगलात गवाळी-कोंगळ्याकडं जायला नाही सांगितलंय. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, त्या बाजूला आत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि वाट तुमच्या कमरेला सोसणारी नाही. त्याऐवजी कणकुंबीला निवांत बसा. माउलीचं दर्शन घ्या आणि रामेश्वराजवळ मलप्रभेच्या उगमाशी जरा वेळ काढा. पायऱ्यांवर ओल असते, पाणी गाइडला आणून द्यायला सांगा. सौंदत्तीला यल्लम्माला जाताना नविलतीर्थ धरणाचं जे अफाट पाणी बघतो, ते इथून निघतं, समुद्रसपाटीपासून ७९२ मीटरवर, ओंजळीत मावेल इतकं. पुढं कुडलसंगमाला ती कृष्णेला मिळते. आणि याच डोंगरांच्या पलीकडच्या अंगाचं पाणी म्हादईनं गोव्यात जातं. एकाच सरीचं पाणी कुठल्या उतारावर पडलं त्यावर पूर्वेचा समुद्र की पश्चिमेचा हे ठरतं. गाइड हे दाखवतो तेव्हा फार नीट दाखवतो, त्याला बोलू द्या. बाबा, म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प आणि सीमाप्रश्न हे दोन्ही विषय गाडीत काढायचे नाहीत. बरोबरची माणसं कुठली असतील सांगता येत नाही, आणि तुमचं बीपी मला इथून मोजता येत नाही.

आई, अजून एक. तुझ्या माहेरच्या फाट्यावरून गाडी आत वळणार नाही. मी मुद्दाम तसं सांगितलंय. थांबणारही नाही, असं मात्र सांगितलेलं नाही. तुला उतरावंसं वाटलं तर ड्रायव्हरला सांग, पाच मिनिटं, दहा मिनिटं, हवी तेवढी. नको वाटलं तर सरळ पुढं जा, आणि त्यावरून मला नंतर काही सांगायला पाहिजे असंही नाही. मामांकडच्या कुणाची गाठ पडलीच तर बाबा, तुम्ही शांत राहा.

त्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नका. शनिवारी अर्धा किलो कुंदा आणून ठेवा. ताटाचे पैसे गाइडकडून त्यांना पोचतात, म्हणून वेगळे पैसे हातावर ठेवू नका, त्यांना अवघड होतं. द्यायचंच असेल तर काहीतरी विकत घ्या. आमसूल घ्या, नवा तांदूळ पाच किलो घ्या, सांगतील त्या भावानं, घासाघीस न करता. तांदूळ लगेच शिजवायचा नाही, डब्यात भरून ठेव आई, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो मोकळा शिजायला लागेल.

जांबोटी सोडली की फोनची रेंज येते-जाते. माझा फोन लागला नाही म्हणून तुम्ही काळजी करू नका, आणि तुमचा लागला नाही म्हणून मी करणार नाही, निदान पाचपर्यंत. परत येताना जांबोटीत आलात की एक फोन, घरी पोचल्यावर एक. संध्याकाळी तिकडं वारा बोचरा असतो, तर आईचा स्वेटर आणि बाबांची कानटोपी गाडीतच ठेवा, घडी करून कपाटात नाही. गाइड शनिवारी रात्री आठला तुम्हाला फोन करेल. अनोळखी नंबर म्हणून कट करू नका.

तुमची,
मनू

ता. क. चिन्मयनं आजोबांसाठी निरोप दिलाय की गव्याचा फोटो काढायला गाडीतून उतरायचं नाही. काचेतून काढा.