फ्लॉरेन्स लॉरेन्स यांच्या मूकपटांच्या खेळासाठी अर्थसाहाय्याचे आवाहन

वाचनालयाच्या चित्रपट शाखेचे सभासद, वाचक आणि हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

अमेरिकन पडद्यावरची पहिली तारका म्हणून जिचा उल्लेख केला जातो, त्या फ्लॉरेन्स लॉरेन्स यांच्या निवडक मूकपटांचा एक खेळ हार्मोनियम-तबल्याच्या प्रत्यक्ष साथीने करण्याचे शाखेने योजिले आहे. 1886 साली कॅनडातील हॅमिल्टन येथे जन्मलेल्या लॉरेन्स 1908 मध्ये बायोग्राफ कंपनीत आल्या आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या दिग्दर्शनाखाली एकामागून एक छोट्या चित्रपटांत झळकल्या. नटनटींची नावे जाहीर न करण्याची त्या कंपनीची रीत असल्याने प्रेक्षक त्यांना केवळ ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणूनच ओळखत. पुढे चित्रपट निर्माते कार्ल लेम्ले यांनी त्यांना आपल्या कंपनीत आणले. त्यांच्या अपघाती मृत्यूची वार्ता पसरली (ती लेम्ले यांनीच उठवली, असे मानले जाते), आणि मार्च 1910 मध्ये कंपनीने जाहिरात देऊन ती खोटी ठरवली, तेव्हा त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र आगीच्या प्रसंगाचे चित्रण करताना झालेल्या दुखापतीनंतर त्यांची कारकीर्द खालावत गेली, उतारवयात किरकोळ भूमिका वाट्याला आल्या, आणि 1938 साली निधन झाल्यावर त्यांच्या थडग्यावर 1991 पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

त्यांचे बायोग्राफमधील काम आज पाहता येते, याचे श्रेय कायद्यातील एका उणिवेला द्यावे लागेल. 1912 पूर्वी अमेरिकेत स्वामित्वहक्कासाठी चित्रपटाची स्वतंत्र नोंदणी होत नसल्यामुळे कंपन्या फिल्मची प्रत्येक चौकट छायाचित्राच्या कागदावर छापून त्या लांबलचक गुंडाळ्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जमा करीत. मूळ नायट्रेट फिल्मपेक्षा हा कागद टिकाऊ ठरला, आणि 1950 च्या दशकात त्यावरून चित्रपट पुन्हा फिल्मवर उतरवण्यात आले. शेक्सपिअरचे जे नाटक मराठी रंगभूमीला ‘त्राटिका’ म्हणून परिचित आहे, त्यावरील 1908 चा मूकपट अशाच गुंडाळीतून वाचला असून त्यातील नायिका लॉरेन्स याच आहेत. आमच्या खेळाचा प्रारंभ त्यानेच होईल.

हे चित्रपट स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने हक्कशुल्काचा प्रश्न नाही. खर्च आहे तो चांगल्या प्रती मिळवणे, सभागृहाचे भाडे, मूकपटात मधूनमधून दिसणाऱ्या मजकुराच्या इंग्रजी पाट्यांचे मराठी रूपांतर आणि वादकांचे मानधन यांचा. त्यातही मानधनात काटकसर करू नये, असे शाखेचे ठाम मत आहे, कारण साथ रटाळ झाली की मूकपट कितीही चांगला असला तरी प्रेक्षक चुळबुळू लागतात. रकमेस किमान मर्यादा नाही. रोख देणगी वाचनालयात द्यावी किंवा वाचनालयाच्या नावे धनादेश पाठवावा. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. पाट्यांच्या रूपांतरात हातभार लावू शकणाऱ्यांनी आणि मूकपटाला साथ करण्याची तयारी असलेल्या वादकांनी ग्रंथपालांकडे नाव नोंदवावे.

देणगीदारांची नावे खेळापूर्वी पडद्यावर दाखवली जातील. ज्यांना ते नको असेल त्यांनी पावती घेताना तसे कळवावे.

चित्रपट शाखा, कार्यकारी समिती