बटणं तीच आहेत

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा सहज बोलून गेले, "त्या डब्यातला दिवा रात्रभर उगाच लुकलुकतो, म्हणून झोपताना मी तो बंद करतो." पॅसेजमधला दिवा रात्री आपोआप का लागत नाही, हे कोडं तिथंच सुटलं! बाबा, तो डबा बंद करू नका. तो रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आहे. त्यावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर चालतं आणि दिव्यांचं सगळं डोकं त्यातच आहे. वीज तो लहानशा एलईडी बल्बएवढीच खातो. उलट असा खटकन बंद केला की आतलं मेमरी कार्ड बिघडू शकतं.

आणखी एक. डब्याला लांब वायरीने जोडलेली काडी लोंबकळताना बरी दिसत नाही, मान्य. पण तुम्ही वायर गुंडाळून ती थेट डब्यात खोचलीत ना, तेव्हापासून घरामागचा हालचाल ओळखणारा सेन्सर रुसलाय. ती काडी झिगबीचा, म्हणजे सेन्सर आणि डबा ज्यातून बिनतारी बोलतात त्याचा, अँटेना आहे, 2.4 गिगाहर्ट्झवर बोलते. यूएसबी 3च्या खोबणीजवळ त्याच पट्ट्यात गोंगाट असतो, म्हणून ती लांब ठेवायची. लोंबकळू दे बिचारी.

आई, तू विचारलंस, "मागच्या बल्बांसारखं नाही ना होणार?" ते बल्ब कंपनीच्या सर्व्हरला विचारून लागायचे. इंटरनेट गेलं की ॲपमध्ये चक्र फिरत बसायचं आणि तू अंधारात. पुढे कंपनीने सेवाच गुंडाळली, धडधाकट बल्ब नुसते दिवे होऊन बसले. आणले मीच होते, त्यामुळे बोलायला तोंड नाही. आता सेन्सरचा निरोप डब्याकडे जातो, डबा दिव्याला सांगतो, घराबाहेर काही जात नाही. सूर्यास्ताची वेळसुद्धा तो अक्षांश-रेखांशावरून स्वतःच काढतो. होम असिस्टंट 2013 साली सुरू झालं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि 2024 पासून ओपन होम फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याचं बघते. उद्या त्यांनी काम थांबवलं तरी आपल्या डब्यातलं चालूच राहील.

बटणं मुद्दाम तीच ठेवलीत. स्मार्ट बल्बचं बटण भिंतीवरून बंद केलं की तो मेलाच, मग फोनवरून कितीही हाका मारा. म्हणून या वेळी बल्ब साधे आणि बोर्डामागे रिले, म्हणजे डब्याच्या सांगण्यावरून चालणारा छोटा स्विच. झोपायच्या खोलीच्या बोर्डात रिलेला हवी ती न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, निघाली नाही, नुसती फेज आणि बल्बकडे जाणारी वायर. त्या दिवशी बाबा तासभर बॅटरी धरून उभे होते, ते याचसाठी. डबा बंद पडला तरी बटण दाबलं की दिवा लागेल.

राहिला "तू आमच्यावर नजर ठेवतेस का?" हा प्रश्न. सेन्सरमध्ये कॅमेरा नाही, अंगाच्या उष्णतेवरून त्याला हालचाल कळते. पण त्याची नोंद राहते, आणि पहिल्या आठवड्यात मी ती इथून व्हीपीएनवरून, म्हणजे घरापर्यंतच्या खाजगी जोडणीतून, पाहिली. बाबा रात्री तीन-तीनदा उठतात हे मला असं कळायला नको होतं. त्याच दिवशी ती नोंद बंद केली आणि जुनी पुसून टाकली.

त्यामुळे आता विचारावंच लागतंय. पॅसेजमधला दिवा हालचाल थांबल्यावर दोन मिनिटांनी विझतो. तेवढ्यात बाबा परत येऊन पडतात का? नसतील तर सांग, पाच करते.

तुमची,
धाकटी