टांपेरेहून नानाकाकांस

टांपेरे, फिनलंड

तीर्थस्वरूप नानाकाकांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र पावले. चि. ओंकार रात्री जागून मोबाइलवर ‘बीजीएमआय’ हा लढाईचा गेम खेळतो म्हणून घरात रोज वाद होतात आणि इकडे त्याची ताई त्याच विषयात पीएच.डी. करते, याची संगती कशी लावायची, असे तुम्ही विचारले आहे. दिवसाला किती तास खेळू द्यावे, तो आकडाही मागितला आहे. प्रश्न रास्त आहे. पण तुमच्यासारख्या गणिताच्या शिक्षकाला आवडेल असे नेमके उत्तर माझ्यापाशी नाही. ते का नाही, एवढे मात्र सांगता येईल.

गेम चांगला की वाईट, हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे. खेळताना माणसाला काय वाटते आणि ते ओळखायचे कसे, हा विषय आहे. हेलसिंकीत निकलास रावाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक जुना प्रयोग मला अजूनही फार आवडतो. ‘सुपर मंकी बॉल 2’ नावाच्या गेममध्ये पारदर्शक चेंडूतले माकड अरुंद वाटांवरून घरंगळत न्यायचे असते. खेळणाऱ्यांच्या चेहऱ्यावर इलेक्ट्रोड लावून हसण्याच्या आणि कपाळाला आठ्या घालण्याच्या स्नायूंची हालचाल मोजली गेली. माकड कडेवरून खाली पडले, म्हणजे डाव गेला, की आठ्या पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या क्षणी आनंदाची खूण दिसली. मात्र तेच पडणे गेमने लगेच पुन्हा दाखवले, तेव्हा प्रतिक्रिया नकारात्मक होती. स्वतः खेळताना हरणे सुखाचे होते. हात बांधून आपली हार पाहणे नव्हे.

यावरून तुमच्या ध्यानात येईल की, बाहेरून पाहणाऱ्याचा अंदाज किती चुकू शकतो. आमच्याकडे मागे एक मुलगा प्रयोगाला आला होता. एका अवघड टप्प्यावर तो पुन्हा पुन्हा मरत होता, दात-ओठ खात होता, ‘पेर्केले’ ही इथली शेलकी शिवी हासडत होता. आणि नंतर प्रश्नावलीत ‘मी वैतागलो’ या वाक्यापुढे त्याने शांतपणे शून्यावर खूण केली. शरीर एक सांगते, कागद दुसरे. कागदावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झालेली, खेळतानाचा अनुभव मोजणारी एक प्रश्नावली जगभर वर्षानुवर्षे वापरली गेली. 2018 साली इतर संशोधकांनी ती नीट पडताळली, तेव्हा तिच्यात धरलेले अनुभवाचे सात घटक अपेक्षेप्रमाणे वेगळे पडत नाहीत असे दिसले. तरी ती अजून सर्रास वापरली जाते, याचा मला राग येतो.

आता तासांविषयी. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी खेळाडूंना ‘किती वेळ खेळलात’ असे न विचारता गेम कंपन्यांकडूनच खेळल्याच्या नोंदी मिळवल्या. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सात गेमचे सुमारे 39 हजार खेळाडू होते आणि खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. फरक दिसला तो खेळण्यामागच्या कारणात: आवडीने खेळणाऱ्यांना बरे वाटत होते, तर ‘खेळावेच लागते’ अशा भावनेने खेळणाऱ्यांना तितकेसे नाही. अर्थात हे सारे प्रौढ होते, त्यामुळे नववीतल्या ओंकारला हा निष्कर्ष लावून मोकळे होऊ नये, आणि त्याच्या झोपेचे नुकसान तर कोणत्याही अभ्यासाने भरून निघणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची व्याख्या केली आहे, तिच्यातही तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यापेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, असे साधारण वर्षभर चालले, तर तो विकार. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे ओंकार क्रिकेटला जातो, चाचणीत गुणही बरे आहेत. तेव्हा सध्या तरी तसे काही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र करून पाहा. तो बहुधा चौघांच्या गटात खेळतो आणि एक डाव साधारण अर्धा तास चालतो. मध्येच मोबाइल काढून घेतला, तर बाकीचे तिघे अडचणीत येतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बोलणी ओंकारला खावी लागतात. त्याचा त्रागा बराचसा त्यापायी असावा. ‘आत्ता बंद कर’ म्हणण्याऐवजी ‘हा डाव संपला की बंद’ असे ठरवा, आणि शेवटचा डाव दहाच्या आत सुरू झाला पाहिजे, ही अट घाला. एखादा डाव त्याच्याशेजारी बसून पाहा. डावाच्या सुरुवातीला विमानातून कुठे उतरायचे, हे चौघे कसे ठरवतात, ते त्याला विचारा. तो काय म्हणाला, ते मला अवश्य कळवा.

काकूंना सा. नमस्कार. चि. ओंकारला अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची,
मेधा